दोन चाव्यांचं कुलूप

रविवारी दुपारी चावीवाला घरी आला, खिशातून चावी काढून दाराला लावली, तर ती फिरेना.

त्याने चावी बाहेर काढली, शर्टाला पुसली, परत लावली. दार जरा आपल्याकडे ओढून पाहिलं. चावी केसभर हलायची आणि अडायची. पस्तीस वर्षं तो लोकांची दारं उघडून देत होता. बाथरूममध्ये कोंडलेली मुलं, कपाटाची चावी विहिरीत टाकून बसलेल्या बायका, सगळं पाहून झालं होतं. "जोर लावू नका, कुलूप रुसलं की त्याची समजूत काढावी लागते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आज स्वतःच्या दारात उभं राहून त्याने चावीवर जोर लावला आणि ती फिरली नाही तेव्हा दाराला एक लाथ घातली.

समोरचं दार उघडलं. तिथे नर्सबाई राहायच्या. नोकरी सुटून दहा वर्षं झाली होती, पण आवाज अजून वॉर्डातला होता.

"काय हो, चावीवाल्याचंच दार उघडेना?"

"अडकलंय जरा."

"चावीवाला बोलावू? माझ्या ओळखीचा आहे एक. पण येतो येतो म्हणतो आणि येत नाही."

हा टोला त्यांच्या कपाटावरून होता. त्या कपाटाची कडी बघून देतो असं त्याने दोन वर्षांपूर्वी कबूल केलं होतं.

"केसाच्या पिना असतील तर दोन द्या," तो म्हणाला. घरातली अवजारं आत होती, बाकीची दुकानात, आणि दुकान तो आत्ताच बंद करून आला होता.

नर्सबाईंनी डोक्यातल्या दोन पिना काढून दिल्या आणि तमाशा बघायला दारातच उभ्या राहिल्या. त्याने एक पिन वाकवली, दुसरी दातात धरून सरळ केली, आणि कामाला लागला. पाच मिनिटांत दार उघडलं.

"वा!" नर्सबाई म्हणाल्या.

पण चावीवाल्याच्या कपाळाला आठी पडली. कुलूप फारच लवकर उघडलं होतं. हे त्याने स्वतःच्या हाताने बसवलेलं कुलूप. याला केसाच्या पिनेने अर्धा तास तरी लागायला हवा होता. त्याचं काम इतकं कच्चं? दुसरा कोणी असता तर तेल सोडून गप्प बसला असता. याला ते चैन पडू देईना.

तो आत गेला. घरात एक वाजला काय नि पाच वाजले काय, सारखंच होतं. बायकोला जाऊन चार महिने झाले होते. सोमवारी सकाळी ती ओट्यापाशी उभी होती आणि बारा वाजता नव्हती. हृदय बंद पडलं. दवाखान्यात न्यायलाही तिने वेळ दिला नाही. तेव्हापासून तो पलंगाच्या आपल्याच बाजूला झोपत होता, दोन खुर्च्यांपैकी आपल्याच खुर्चीवर बसत होता, आणि तिचा चष्मा फ्रिजवर होता तिथेच होता.

त्याने टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला. जेवायच्या टेबलावर कुलूप खोलायचं तर खाली पांढरं काहीतरी हवं, हा तिचा नियम. नाहीतर पिना आमटीत जातात, म्हणायची. मग त्याने स्क्रू काढून दारातलं कुलूप बाहेर काढलं, मधली नळी हळूच ढकलली आणि आतलं सगळं ओळीने टॉवेलवर पाडलं.

कुलपाच्या आतलं गणित सोपं असतं. पाच भोकं. प्रत्येक भोकात एक पिन खाली, एक वर, आणि वरून दाबायला एक स्प्रिंग. बरोबर चावी आत गेली की पाचही ठिकाणचे सांधे एका ओळीत येतात आणि नळी फिरते. म्हणजे पिना दहा.

त्याने मोजल्या. तेरा भरल्या.

परत मोजल्या. दहा पिना होत्याच. वर तीन बारीक चकत्या होत्या, उभ्या तांदळाच्या दाण्याहून पातळ. त्यातली एक आडवी होऊन बसली होती, तिनेच दार अडवलं होतं.

असल्या चकत्या त्याने हजारदा लावल्या होत्या, पण कचेऱ्यांमध्ये. दोन पिनांच्या मधे चकती घातली की सांधे दोन होतात, आणि मग एकच कुलूप दोन वेगळ्या चाव्यांनी उघडतं, केसाच्या पिनेनेही लवकर. कारकुनाची त्याच्या खोलीपुरती, साहेबांची सगळ्या खोल्यांना. घराच्या दाराला हे कोणी करत नाही. त्याने तर नक्कीच केलं नव्हतं.

चोर, हा पहिला विचार. पण चोर येतो, नेतो आणि जातो. येण्याजाण्याची सोय करून ठेवत नाही. आणि घरातून कधी चमचासुद्धा गेला नव्हता.

त्याने भिंग डोळ्याला लावून एक चकती चिमट्यात धरली. ती विकतची नव्हती. पिन कापून कानशीने घासून केली होती, बऱ्यापैकी नेटाने केली होती. पण ओरखडे उलटे होते. त्याच्या हातच्या कामावर ओरखडे उजवीकडे झुकायचे, शहरातल्या बहुतेक सगळ्या कारागिरांच्या कामावर तसेच झुकत. हे डावीकडे झुकलेले होते.

बायको डावरी होती.

वीस वर्षं ती दुपारचं दुकानात त्याच्या डाव्या बाजूला बसायची, कोपराला कोपर लागू नये म्हणून. पिना उंचीप्रमाणे निवडून डबीच्या खणांत टाकायची. लोक विचारायचे, वहिनींना पण येतं का हो हे काम? तो म्हणायचा, छे, ती नुसत्या पिना निवडते. ती काही बोलायची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा पस्तीस वर्षांच्या नावाजलेल्या कारागिराचा.

आता दुसरी चावी कोणाची, एवढंच उरलं. त्याने चकत्या पिनांवर ठेवून एकेक उंची मापली. चार, दोन, पाच, एक, तीन. आकडे कुठे लिहून ठेवायची गरज नव्हती. मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा तिच्यासाठी त्याने स्वतः कापलेली चावी ती. घराची पहिली चावी. लाल दोरीत ओवून गळ्यात घातली होती तिने.

त्याने चिमटा खाली ठेवला.

मुलीला घरात चिमटी म्हणत. चालता यायच्या आधी तिने चिमटा धरला आणि सांडलेल्या पिना उचलायला लागली, म्हणून. बारा वर्षांची असताना ती कुलपं जोडायची. वीसची झाली तेव्हा गिऱ्हाइकं म्हणायला लागली, चिमटी नाहीये का, मग नंतर येतो. त्याने मनात मांडून ठेवलं होतं की दुकानाच्या पाटीवर एक दिवस तिचं नाव येईल. मांडलं होतं, तिला सांगितलं मात्र नव्हतं. आणि चोवीसाव्या वर्षी तिने घरी येऊन सांगितलं की बोट लावून उघडणाऱ्या कुलपांच्या नव्या दुकानात तिला नोकरी लागली आहे.

शब्दाने शब्द वाढला. ती म्हणाली, बाबा, दहा वर्षांनी चाव्या कोणी कापणार नाही. तो म्हणाला, मग आजच जा, बोटाने उघडणारं दुसरं घर शोध, हे घर चावीचं आहे. ती रागाने मैत्रिणीकडे गेली. रागाच्या भरात लोक भांडी आपटतात, जेवण टाकून उठतात. याने कुलूप खोललं आणि आतल्या पिना बदलल्या. कुलूप तेच, चावी नवी. असली चूक चावीवालाच करू जाणे, दुसऱ्या बापाला ती परवडलीच नसती. दुसऱ्या दिवशी चिमटी कपडे न्यायला आली, तेव्हा आई बाजारात होती. पोरीने चावी लावली, ती फिरली नाही. बापाने काय केलंय ते तिला एका क्षणात कळलं. त्याच्याच हाताखाली शिकली होती ना. ती तशीच परत गेली.

त्याला सहा वर्षं झाली. घरात तिचं नाव निघालं नाही. त्याने काढलं नाही म्हणून बायकोनेही काढलं नाही, असं तो समजत होता. आणि बायको गेल्यावर एकच गोष्ट त्याच्या छातीवर धोंड्यासारखी बसली होती. ही बाई सहा वर्षं लेकीच्या तोंडाला मुकली, तशीच गेली, आणि तिचं दार मी माझ्या हाताने बंद केलं.

आता टॉवेलवर तेरा पिना होत्या.

मग एकेक आठवायला लागलं. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याच्या अनवाणी पायात एक पिन रुतली होती, इथेच, या टेबलाखाली. पिना खाली सांडायच्या नाहीत हा तुझाच ना नियम, असं तो ओरडला होता. तिने मागे न बघता सांगितलं होतं, "तुमच्याच खिशातून पडली असेल. स्वतःच्या नावाने ओरडा." आणि तो खरोखर स्वतःवर चिडला होता.

"सहा वर्षं मला फसवलंस," तो तिच्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाला. राग आला होता खराच. पण राग पुरता वर यायच्या आतच दुसरं काहीतरी आलं. म्हणजे ती मुकली नव्हती. पोर येत होती. दार बंद नव्हतंच. जीव भांड्यात पडला म्हणजे काय होतं, ते त्याला त्या टेबलाशी कळलं. आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग चार महिन्यांत पहिल्यांदा सपाटून भूक लागली. सकाळचं गार झालेलं अन्न त्याने उभ्या उभ्या, पातेल्यातूनच खाल्लं.

तोंड पुसून तो नर्सबाईंच्या दारात गेला.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?" म्हणेपर्यंत त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. "हो. दर गुरुवारी. दोन ते चार."

गुरुवारी तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका मोठ्या कचेरीची कुलपं तपासायला जायचा, ते अंधार पडायच्या सुमाराला परतायचा.

"सहा वर्षं?"

"दोनदा चुकली. एकदा तिला ताप होता, एकदा तुम्हाला. तुमच्या स्वयंपाकघराचा ओढायचा खण अडकायचा ना, तो कसा नीट झाला वाटतं तुम्हाला?"

"बायको म्हणाली मेण लावलं."

"मेण! पोरीने सगळा खण खोलून बसवला. रेडिओचं बटण, गॅलरीचं दार, तुमच्या चष्म्याची काडी. तुम्ही घरी येऊन म्हणायचात, बघ, आपोआप बरं झालं. आम्ही तिघी हसून हसून मरायचो."

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीत."

"तिने शपथ घातली होती."

"ती गेल्यावर तरी?"

"गेल्यावर मी दोनदा तुमचं दार वाजवलं. दोन्ही वेळा तुम्ही आतून ओरडलात, कपाटाचं पुढच्या आठवड्यात बघतो." नर्सबाईंचा आवाज जरा खाली आला. "आणि आता ती येत नाही. त्या दिवशी तुम्ही तिला काय बोललात, आठवतंय ना?"

आठवत होतं. अंत्यविधीला चिमटी आली होती. पाच-पन्नास माणसांतून वाट काढत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याला वाटलं, सहा वर्षांनी आली, आई गेल्यावर आली. तोंडातून दोनच शब्द निघाले. "आता आलीस?" ती मागे सरली आणि निघून गेली.

दर गुरुवारी येणारी पोर. तिला सगळ्यांदेखत विचारलं, आता आलीस.

मघाशी उतरलेला धोंडा तसाच्या तसा परत बसला. फक्त पूर्वी तो गेलेल्या माणसाचा होता, त्याला इलाज नव्हता. हा जिवंत माणसाचा होता.

"मग?" नर्सबाई म्हणाल्या. "इथे उभं राहून काय होणार? माझ्या पिना द्या आणि तिच्याकडे जा."

एक पिन वाकडी झाली होती. ती त्याने सरळ करून दिली.

दार रात्रीपुरतं खुर्ची लावून बंद केलं. सोमवारी सकाळी नर्सबाईंनी एक जुनं लोखंडी कुलूप दिलं, ते त्याने बाहेरून कडीला अडकवलं, आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत तेरा पिना, रुमालात नळी आणि बाकीचं कुलूप असं सगळं घेऊन निघाला.

चिमटीच्या दुकानाच्या रस्त्याने तो सहा वर्षं गेला नव्हता. काम असलं तर वळसा घालून जायचा. दुकान सगळं काचेचं होतं. दाराला कडी नव्हती, जवळ गेलं की आपोआप बाजूला व्हायचं, ते त्याला आवडलं नाही. आत चिमटी एका गिऱ्हाइकाशी बोलत होती. गिऱ्हाईक पाववाला होता, कपड्यांवर पीठ तसंच.

"बाई, हे माझं बोट ओळखत नाही. मला बायको ओळखते, आई ओळखते, हे ओळखत नाही."

"भट्टीने बोटांची टोकं गुळगुळीत झालीत तुमची. करंगळी लावा. करंगळी भट्टीला लागत नाही."

"करंगळी? एवढ्या मोठ्या दाराला?"

चावी असती तर, एवढं वाक्य चावीवाल्याच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. त्याने ते गिळलं.  चिमटीने तेव्हाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतं. तीही त्या वाक्याची वाट बघत असावी. ते आलं नाही, तेव्हा तिने पाववाल्याची करंगळी यंत्राला लावली, दिवा हिरवा झाला, आणि तो करंगळीकडे कौतुकाने बघत गेला.

"बोला," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

तिशीची झाली होती. डोळ्यांखाली आईसारखं काळं दिसत होतं.

"घरचं कुलूप अडकलं." त्याने डबी आणि रुमालातलं कुलूप टेबलावर ठेवलं.

"तुमच्याच दाराचं?"

"नर्सबाईंचं हसून झालंय. तूही हसून घे."

ती हसली नाही. डबी उघडली, खणातून चिमटा काढला आणि पिना कागदावर मांडत गेली. हात पाहून त्याला बरं वाटलं. हात बदलला नव्हता.

"तेरा," ती म्हणाली.

"तेरा."

"ही चकती फार बारीक आहे. आडवी पडली असणार. इतकी बारीक लावायची नाही हे मला शिकवलंत, आणि स्वतः लावलीत?"

"मी?"

"मग कोण?" तिने चिमटा ठेवला. आवाज खाली घेतला. "सहा वर्षं मी तीच जुनी चावी लावून आत येतेय, बाबा. मला माहीत आहे तुम्ही केलंत ते. दुसऱ्या कोणाला जमणार? आईने फोन करून सांगितलं, ये आणि जुनी चावी लावून बघ. मी म्हटलं लागणार नाही. तर लागली. मी तिथेच जिन्यात बसून रडले. म्हटलं, या माणसाला तोंडाने बोलता येत नाही, पण कुलूप मोकळं करून ठेवलंय. असू दे, तेवढं पुष्कळ आहे. बोलतील कधीतरी. त्यावर सहा वर्षं काढली मी. आणि त्या दिवशी तुम्ही चार माणसांत विचारलंत, आता आलीस?"

 काय झालं होतं ते आता कुठे चावीवाल्याला पुरतं कळलं. आणि हेही कळलं, की गप्प बसला तरी चालण्यासारखं आहे. बायकोने जाता जाता त्याच्यासाठी एक बरा बाप तयार करून ठेवला होता. रागाने कुलूप बदललं, पण आठ-पंधरा दिवसांत गुपचूप मोकळं केलं, असा बाप. मान खाली घालून नुसतं हं म्हटलं असतं, तर तो बाप त्याला फुकट मिळत होता. त्या दोन शब्दांची माफी मागितली की झालं.

पण चकतीवरचे ओरखडे डावीकडे झुकलेले होते. ते त्याला त्याच्या नावावर घेता येईनात.

"माझं काम असतं तर ते अडकलं नसतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ओरखडे बघ."

तिने भिंग लावलं. एक चकती पाहिली, दुसरी पाहिली. मग भिंग तसंच डोळ्याला धरून बसून राहिली.

"आई?"

"हं."

"आईला येत होतं?"

"मला वाटायचं ती पिना निवडते."

चिमटीच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. "मी तिला विचारलं होतं. बाबांनी केलं ना? तर म्हणाली, आधी आत ये, दार उघडं ठेवू नकोस, मांजर येतं."

"तशीच होती ती."

"म्हणजे तुम्ही..." तिने भिंग खाली ठेवलं. "तुम्ही काहीच केलं नव्हतं?"

"कुलूप बदललं, ते मी. त्याच संध्याकाळी. नंतर काही केलं नाही. मनात यायचं. कधी कधी रोज यायचं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलं माझं. तू येत होतीस हे मला काल दुपारी कळलं. त्या दिवशी मला वाटलं सहा वर्षांत पहिल्यांदा आलीस, म्हणून तसं बोललो. चुकलं. कुलूप बदलणंही चुकलं आणि तेही चुकलं."

एवढं एका दमात तो कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

ती पिना एकेक करून परत डबीत टाकायला लागली. दार आपोआप उघडलं, कोणी आत डोकावलं, परत गेलं.

"सहा वर्षं मला वाटत होतं," ती सावकाश म्हणाली, "की मी तुमच्या घरी येतेय."

तिने डबीचं झाकण लावलं. 

"तुम्ही आता जा. मला कामं आहेत."

"बरं." त्याने डबीकडे हात नेला.

"ते राहू दे इथेच," चिमटी म्हणाली.

मंगळवार, बुधवार त्याने दुकानात काढले. दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या चाव्या कापून दिल्या, दोघांची बोलणी खाल्ली. बुधवारी संध्याकाळी त्याने कचेरीत फोन करून सांगितलं की उद्या येणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पलीकडच्या माणसाने विचारलं, बरं नाहीये का? तो म्हणाला, बरं आहे, म्हणूनच.

गुरुवारी एक वाजताच तो टेबलाशी बसला. बायकोच्या खुर्चीवर कपडे साठले होते, ते उचलून घडी केले. चहाचं आधण ठेवलं, गॅस बंद केला, परत लावला, परत बंद केला. दाराला कुलूप नव्हतं, त्या जागी मुठीएवढं भोक होतं, त्यातून जिन्यातला उजेड आत येत होता.

दोन वाजले. सव्वादोन झाले. अडीचच्या सुमारास भोकातला उजेड गेला आणि तिथे एक डोळा दिसला.

"कोणी आहे का घरात?"

"ढकल. उघडंच आहे."

चिमटी आत आली. हातात रुमालातलं कुलूप आणि अवजारांची पिशवी. आईच्या खुर्चीकडे तिने एकदा पाहिलं आणि मग तिच्यावर न बसता दारापाशी जमिनीवर बसली.

"धरा," ती म्हणाली.

त्याने दार धरलं. तिने कुलूप बसवलं. स्क्रू आवळताना तो म्हणणार होता, खालचा आधी. पण तिने खालचाच आधी घेतला.

"बारीक चकती बदलली," ती कामावरची नजर न काढता म्हणाली. "बाकी दोन आईच्याच ठेवल्यात. चांगल्या आहेत."

"आणि ती काढलेली?"

तिने गळ्यातली दोरी बाहेर काढली. लाल दोरी केव्हाच गेली होती, ही काळी होती. चावी तीच होती, आणि चावीशेजारी कागदात गुंडाळून चिकटवलेली एक इवलीशी पुडी होती. त्याने मान हलवली.

"बाहेर जा आणि लावून बघ," तो म्हणाला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

ती बाहेर गेली. दार बंद झालं. चावी आत शिरल्याचा आवाज आला. उठून आतून उघडावं असं त्याच्या हाताला फार वाटलं, पण त्याने हात मांडीखाली दाबून धरले. कट् करून नळी फिरली.

"लागली," ती दारातून म्हणाली.

"आवाज जरा कोरडा आहे."

"तेल घालते. आता खोट काढू नका."

"काढत नाही. सांगितलं नुसतं."

जिन्यातून वॉर्डातला आवाज आला. "जमलं का बापलेकीचं? मग आता कपाटाचं बघणार का कोणी?"

"तुम्ही एखाद्या गुरुवारी मला का नाही सांगितलंत?" चिमटी म्हणाली. "मी केव्हाच करून दिलं असतं."

"तुझ्याकडून नको. यांनी कबूल केलंय, यांच्याकडूनच करून घेणार. मरायच्या आत."

"कोणाच्या?" चावीवाल्याने विचारलं.

"जो आधी जाईल त्याच्या."

तो स्क्रूड्रायव्हर घेऊन पलीकडे गेला. कपाटाची कडी दहा मिनिटांचं काम होतं, दोन वर्षं राहिलेलं. नर्सबाई शेजारी उभ्या राहून सूचना देत होत्या, म्हणून वीस मिनिटं लागली. मधे आपल्या घरातून भांड्यांचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. फ्रिजवरचा चष्मा तिने पाहिला असेल, त्याला वाटलं. मग नळ वाहिल्याचा आवाज आला.

तो परत आला तर दार लागलेलं होतं. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप, ते लागलं होतं. त्याने खिसा चाचपला. चावी आत टेबलावर राहिली होती.

त्याने दार वाजवलं.

"चावी लावा की," आतून आवाज.

"आत राहिली."

नर्सबाई मागून हसायला लागल्या आणि डोक्यातल्या पिनांकडे हात नेला. चावीवाल्याने त्यांना हातानेच थांबवलं आणि वाट पाहत उभा राहिला. आत पावलं वाजली. दार उघडलं. चिमटी दारात उभी होती, हातात पुसायचं फडकं, डोळे लाल. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आता आलात?" ती म्हणाली.

त्याने पटकन तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाचा एक कोपरा वर गेला होता, आईचा जायचा तसा.

"आलो," तो म्हणाला. "उशीर झाला."

"चहा गार होतोय. आत या आणि दार लावून घ्या. मांजर येतं."